नवे वायपर, तरी काच धूसर: काकाजींच्या गाडीचं प्रकरण

मृगाचा दुसरा आठवडा. रात्री नऊच्या सुमारास काकाजींचा फोन आला. "पाचगावच्या अलीकडे गाडी बाजूला लावून उभा आहे. पाणी चालू आहे, वायपर चालू आहे, अन् समोरचं काही दिसूनच नाही राहिलं." मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, "काकाजी, इंडिकेटर चालू ठेवा अन् पाणी ओसरेपर्यंत हलू नका." पाऊण तासाने ते तिथून निघाले आणि वीसच्या वेगाने मानेवाड्याला घरी पोचले. अंबाझरी तलावाचं पाणी नागपूर शहरात शिरलं ती २०२३ च्या सप्टेंबरमधली रात्र त्यांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. पाऊस म्हटला की त्यांचा हात आधीच थरथरतो, त्यात हे.

काकाजींचं वय अडुसष्ट. शेत भिवापूरच्या वाटेवर, दर गुरुवारी जाणं-येणं. गाडी अकरा वर्षांची, लहान हॅचबॅक. रस्ता उमरेडचा, म्हणजे पुढे-मागे कोळशाचे ट्रक. कोरड्या दिवशी काचेवर काळी भुकटी बसते आणि पहिल्या सरीत तिचा लेप होतो. पण हे कारण दरवर्षीचंच आहे. यंदाची भानगड वेगळी होती, कारण वायपर नवे होते. "पंधरा दिवसांआधी तर टाकले. नऊशे रुपये दिले जोडीचे. दुकानवाला म्हणे, तीन वर्षं पाहायचं काम नाही."

मी हिंगण्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आधी काय दिसलं, काय तपासलं, काय निघालं हे वहीत लिहायचं आणि मगच पान्हा हातात घ्यायचा, अशी तिथली शिस्त. काकाजींच्या गाडीचंही तसंच लिहून ठेवलं होतं. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही लिहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात घेतली. बादली, मग आणि व्हाइटबोर्डचा मार्कर. काकू काचेवर पाणी ओतणार, काकाजी वायपर चालवणार आणि मी आत बसून काचेच्या आतल्या बाजूने जिथे पुसलं जात नाही तिथे मार्करने गोल काढणार. हे पोरकट वाटेल, पण "दिसत नाही" ही तक्रार आहे, बिघाड नव्हे. वायपरने मागे कोणती खूण सोडली ते पाहिलं की अर्धं निदान तिथेच होतं. एकाच जागी बारीक रेघ राहत असेल तर रबराची धार तिथे तुटलेली असते नाहीतर तिच्यात कचरा अडकलेला असतो. रुंद पट्टा कोरडाच सुटत असेल तर तिथे दाब पोचत नाही. वायपर एकाच दिशेला थडथडत जात असेल तर रबर तरी एका बाजूला वळून बसलेलं असतं किंवा आर्म, म्हणजे पातं धरणारा दांडा, पिळलेला असतो. आणि वायपरच्या मागोमाग वाफेसारखा धूसर पडदा येऊन सेकंद-दोन सेकंदात विरत असेल, तर वायपरला शिव्या देण्याआधी काच तपासायची.

आमच्या काचेवर तीन खुणा निघाल्या. ड्रायव्हरच्या बाजूला पात्याच्या दोन्ही टोकांना पाच-सहा सेंटिमीटर पुसलंच जात नव्हतं. खाली येताना पातं थडथडत होतं, वर जाताना नाही. आणि सगळ्या काचेवर तो धूसर पडदा. दिवसा तो कसाबसा चालून जातो. रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्यात पसरला की काच पांढरी होते. पाचगावला काकाजींना जे दिसत नव्हतं ते यामुळे.

पडद्यापासून सुरुवात केली, कारण त्याला पैसे लागत नाहीत. काचेवर नुसतं पाणी ओतून पाहिलं. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं. इथे ते काही जागी पसरत होतं आणि काही जागी थेंब-थेंब होऊन थांबत होतं. म्हणजे काचेवर चिकट काहीतरी होतं, तेही ठिकठिकाणी. सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या पोराला विचारलं, "टायरला पॉलिश कोणत्या फडक्याने लावतो?" त्याने दाखवलं. काच पुसायचंही तेच. टायरच्या आणि डॅशबोर्डच्या चकाकीच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते काचेवर गेलं की साध्या पाण्याने निघत नाही आणि वायपर ते सगळीकडे सारखं फासत राहतो. त्यावर ट्रकच्या डिझेलचा धूर. आधी भांड्यांच्या साबणाच्या फेसाने दोनदा धुतली, मग केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट कापडावर घेऊन सगळी काच थोडी-थोडी करत पुसली. तेच स्पिरिट रबराच्या धारेवरून फिरवलं तर कापडावर काळा पट्टा उमटला. पुन्हा पाणी ओतलं, आता ते चादरीसारखं पसरलं. पडदा गेला. थडथड कमी झाली, पण राहिली. टोकं होती तशीच कोरडी.

आता पातं. दुकानवाल्याने दिलेलं पातं बिनफ्रेमचं होतं, ज्याला फ्लॅट म्हणतात ते. त्यात जुन्या पात्यासारखे लोखंडी हात नसतात. आत एकच वाकवलेली स्प्रिंगची पट्टी असते आणि तिच्याच बाकाने पातं काचेला चिकटतं. ही पाती वाईट नसतात, नव्या गाड्यांना कंपनीतूनच येतात. पण तो बाक त्या-त्या काचेच्या गोलाईला जुळावा लागतो. सगळ्या गाड्यांना बसणारं म्हणून विकलेलं पातं आमच्या काचेच्या गोलाईपेक्षा सरळ होतं, म्हणून दोन्ही टोकं अधांतरी. शिवाय प्लास्टिकचा जोड हलत होता. बोटाने हलवलं की पातं आर्मवर डुलत होतं. जुनी लोखंडी फ्रेम म्हणजे तराजूवर तराजू टांगल्यासारखी असते. मधल्या मोठ्या हाताला दोन लहान हात, त्यांना रबर धरणाऱ्या नख्या. एका जागचा दाब वाटला जाऊन सहा-आठ जागी पोचतो, आणि काच कुठे गोल, कुठे सपाट असली तरी फ्रेम जमवून घेते.

"जुन्या फ्रेमा कुठे आहेत काकाजी?"

"डिक्कीत. पेपरात गुंडाळून ठेवल्या. टाकतो का मी?"

काकाजी काही टाकत नाहीत, हे या प्रकरणातलं नशीब. फ्रेमा पाहिल्या. रिबिटा घट्ट, नख्या शाबूत, रंग थोडा उडालेला. अकरा वर्षांत त्यांना काही झालं नव्हतं. गेलं होतं ते फक्त रबर, आणि जोडीचे नऊशे मोजले गेले त्या न बिघडलेल्या लोखंडाला काढून टाकण्यासाठी. दुकानात रबर मागितलं तर "आता रबर कोण बदलतं, पूर्ण पातंच येते" हे उत्तर ठरलेलं आहे. ते खोटं आहे. अनेक गाड्यांचं रबर सुटं मिळतं, फक्त मागावं लागतं.

जुनं रबर हातात घेऊन पाहण्यासारखं होतं. वायपरचं रबर म्हणजे साधी पट्टी नव्हे. वर जाड पाठ, पाठीच्या दोन्ही बाजूंना खाचा, खाली कागदासारखी पातळ मान आणि मानेखाली धार. मान पातळ असते ती मुद्दाम. पातं वर जाताना धार एका बाजूला कलते, खाली येताना उलटून दुसऱ्या बाजूला. ती सतत मागे ओढली जात असते, म्हणून गुपचूप पुसते. उलटलीच नाही तर काचेत रुतत, उड्या मारत जाते, तीच थडथड. धार चांगली असेल तर तिची कड चौकोनी, टोकदार लागते. कारखान्यात दोन रबरं धारेला धार लागून एकत्र बनवतात आणि मग मधोमध कापून वेगळी करतात, म्हणून ती कड अशी तीक्ष्ण निघते. काकाजींच्या रबराची कड बोटाला गोल लागत होती आणि सगळी धार डावीकडे कललेली होती. नखाने दाबली तर मानेत बारीक भेगा उघडल्या.

हे पाऊस पुसून झालं नव्हतं. हे उन्हाळ्यानं झालं. गाडी एप्रिल-मे उघड्यावर उभी, वायपर एकदाही चाललेला नाही, आणि रबर तापलेल्या काचेवर एकाच बाजूला दाबून ठेवलेलं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले तेव्हा सगळ्या देशात गहजब झाला. मग हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. ५६ सोडा, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे ४५-४६ तर ठरलेलेच, आणि उन्हातली काच हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ऊन आणि हवेतला ओझोन दोन्ही नैसर्गिक रबराला तडे पाडतात. म्हणून मार्चमध्ये सर्व्हिसिंगला गाडी गेली की वायपरही बदलून घेणारे लोक मला कळत नाहीत. नवं रबर अख्खा उन्हाळा भाजायला ठेवायचं आणि पहिल्या पाण्यात म्हणायचं, नवंच तर होतं! आपल्या हवेत रबर रोहिणी संपता-संपता घ्यायचं, मृगाच्या तोंडावर.

काकाजींचा इथे आक्षेप होता. "मी तर वायपर उभे करून ठेवत होतो की." ठेवत होते, पण एप्रिलपर्यंत. मग कॉलनीतल्या पोरांचा चेंडू आर्मला लागून तो काचेवर आपटला, तेव्हापासून सोडलं. त्यांचं खरं आहे, उभा ठेवला तर धार एका बाजूला वळत नाही, ऊन मात्र लागतंच. आणि आर्मची स्प्रिंग काच तडकवू शकते. त्यापेक्षा गाडीवर जुनी चादर टाकलेली बरी. उभं ठेवून स्प्रिंग ढिली पडते असंही काही जण म्हणतात, म्हणून बॅग मोजायचा काटा लावून पाहिलं. पात्याच्या मध्याला काटा अडकवून, धार काचेपासून सुटेल इतकंच उचललं. ड्रायव्हरकडे ७४० ग्रॅम, डावीकडे ५९०. पाती अनुक्रमे ५० आणि ४० सेंटिमीटर, म्हणजे दोन्हीकडे सेंटिमीटरला जवळपास १५ ग्रॅम. एवढाच दाब हवा असतो. स्प्रिंगचा विषय तिथेच संपला.

रबर आणायला जुना नमुना सोबत नेला. लांबी सगळेच पाहतात, पाठीची रुंदी कोणी पाहत नाही, आणि घोळ तिथेच होतो. सदरमधल्या पहिल्या दुकानात कापून लावायचं लांब रबर मिळालं. "सबमें बैठता है भाऊ." घरी येऊन लावलं तर पहिल्या नखीत गेलं आणि दुसरीत अडकलं. मोजलं तर पाठ ८ मिलिमीटर, आमच्या फ्रेमची नखी ६ मिलिमीटरची. साबण लावून ठोकून घातलं असतं तर गेलंही असतं, पण मग रबर नख्यांमध्ये सरकत नाही, फ्रेम काचेप्रमाणे वाकत नाही आणि टोकं पुन्हा उचलतात. उलटं झालं, म्हणजे अरुंद रबर रुंद नखीत, तर ते कधीतरी जोराच्या पाण्यात सरकून बाहेर येतं आणि उघडं लोखंड काच कोरत जातं. परत केलं. दुसरीकडे गाडीच्या कंपनीच्याच पार्टच्या काउंटरवर ६ मिलिमीटरची जोडी मिळाली, दीडशे रुपयांना, त्याच लांबीची.

तिथे सिलिकॉनचंही रबर दाखवलं, चौपट किमतीचं. ते ऊन जास्त सोसतं हे खरं. पण काचेवर आधीच काही चिकटलेलं असेल तर ते थडथडण्याची शक्यता जास्त, आणि आमच्या काचेचा इतिहास मला माहीत होता. जो माणूस दरवर्षी दीडशे रुपयांत नवीन धार लावू शकतो त्याने साधंच घ्यावं, असं माझं मत पडलं. ज्यांची गाडी वर्षभर सावलीत असते आणि ज्यांना दरवर्षीची कटकट नको, त्यांनी सिलिकॉन घ्यावं.

आता माझी चूक.

काचेवर टॉवेलची घडी ठेवली, कारण पातं काढल्यावर उघडा आर्म निसटून आपटला तर काच गेलीच. आर्मच्या हुकाखालची प्लास्टिकची जीभ दाबून पातं खाली सरकवलं, सुटलं. रबराच्या एका टोकाला दोन खळगे असतात, त्यात शेवटची नखी बसून रबर अडतं. ते टोक धरून जोर लावला की अडक सुटते आणि रबर सगळ्या नख्यांमधून ओढून काढता येतं. त्यासोबत दोन पातळ स्टीलच्या पत्त्या निघतात, पाठीच्या दोन खाचांमध्ये बसलेल्या. रबराला ताठपणा त्यांच्यामुळे येतो. पत्त्या गंजलेल्या नव्हत्या म्हणून जुन्याच नव्या रबरात घातल्या, नख्यांमधून ओवलं, खळगे शेवटच्या नखीत बसवले. जोडीतली दुसरी फ्रेमही तशीच केली. जेमतेम वीस मिनिटांचं काम.

पाणी ओतलं. थडथड पार गेलेली. म्हणजे आर्म पिळलेला नव्हता, दोष त्या फ्लॅट पात्याचाच होता. पण टोकं? ड्रायव्हरकडे दोन्ही टोकांना तसेच चार-चार सेंटिमीटर कोरडे. मी म्हटलं, फ्रेम वाकली असेल. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की आता तूही नऊशेचंच बिल देणार. अर्धा तास मी त्या फ्रेमवर घालवला, नख्या पक्कडीने सरळ करण्याच्या बेतात होतो.

सुचलं ते स्वयंपाकघरात चहा घेताना. पातं ओट्यावर धार खाली करून ठेवलं होतं. ग्रॅनाइट सपाट, आणि खिडकीतून उजेड येत होता. दिसलं असं की पात्याचा मध्य टेकला आहे आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसतो आहे. असायला हवं उलट, टोकं टेकलेली आणि मध्य किंचित उचललेला, म्हणजे काचेवर दाबलं की सगळी धार बसते. डाव्या बाजूचं पातं आणून शेजारी ठेवलं, त्याचं बरोबर होतं. पत्त्या सरळ दिसतात, पण त्यांना हलकासा बाक असतो. ड्रायव्हरकडच्या दोन्ही पत्त्या मी पालथ्या घातल्या होत्या. पत्तीच्या कडेला एक बारीक खाच असते, ती रबरावरच्या तेवढ्याच उंचवट्याला जुळून आतल्या बाजूला यायला हवी. माझी बाहेर होती. काढलं, पालटलं, पुन्हा ओवलं. पाणी ओतलं तर काच एका झटक्यात साफ, मार्करचे सगळे गोल रिकामे.

यानंतर मी एक सवय लावून घेतली. काढण्याआधी दोन फोटो घ्यायचे, एक अडकणाऱ्या टोकाचा आणि एक पत्तीच्या खाचेचा. आणि दोन्ही पाती एकाच वेळी उघडायची नाहीत, एक नमुना शाबूत ठेवायचा.

काचेवर पाणी उडवणाऱ्या नळ्यांचंही निघालं. डावी बंदच होती. भोकात टाचणी घातली तर पांढरी भुकटी आली, कूलरच्या जाळीवर जमते तशीच. काकाजी बाटलीत आरओचं वाया जाणारं पाणी भरत होते. "फुकट जातं ते, मग वापरावं म्हटलं." झाडांना, फरशीला ठीक. पण आरओ जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढतो ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच असतात. ते काचेवर सुकलं की डाग, आणि नळीत सुकलं की गच्च. काकूंनी एसीच्या पाइपखाली बादली ठेवायला सुरुवात केली, त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. त्यात चार थेंब भांड्यांचा साबण. आता कोरड्या भुकटीवर वायपर ओढायचा नाही, आधी फवारा, एवढं काकाजींनी मान्य केलं. "वायपर नाहीत तर पासिंगला अडवतात का रे?" त्यांनी मध्येच विचारलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, १०१ क्रमांकाचा नियम वायपरचाच आहे. पण गाडी पंधरा वर्षांची होऊन पुन्हा पासिंगला जायला अजून चार वर्षं आहेत, आणि रस्त्यावर दिसण्यासाठी नियम कशाला हवा!

गाडी पुसणाऱ्या पोराला काचेसाठी वेगळं पिवळं फडकं दिलं. दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी थेंब-थेंब होऊ लागलं तेव्हा कळलं, पिवळं फडकं शेजारच्यांच्या टायरला लागलं होतं. पुन्हा स्पिरिट, पुन्हा फडकं. यावेळी ते काकूंकडे घरात असतं.

एक गोष्ट राहिली. उन्हाच्या तिरप्या किरणात ड्रायव्हरच्या बाजूला काचेवर एक कमानदार ओरखडा दिसतो, वायपरच्या वाटेने गेलेला. कोरड्या काचेवर भुकटीसकट वायपर फिरवल्याचा तो हिशेब. नख त्यात अडकतं, म्हणजे पॉलिशने जाणार नाही. जास्त घासलं तर तिथून पाहताना रस्ता लाटेसारखा दिसेल. समोरून दिवा आला की ती कमान चमकते. काकाजी म्हणतात सवय झाली.

पुढच्या गुरुवारी उमरेडहून परतताना पुन्हा पाणी लागलं. फोन आला नाही, म्हणून मीच केला. गाडी बाजूला घेऊन त्यांनी उचलला. "दिसते. सगळं दिसते. तू कायले फोन करून राहिला?" घरी आल्यावर डिक्की उघडली तर ती फ्लॅट पाती पेपरात गुंडाळून ठेवलेली. टाकून द्या म्हटलं, तर म्हणाले, "नऊशेचे आहेत."